पुळणीवरची रेघ: कोल्हापूरहून किनारा धुंडाळायला निघालेल्या नवख्यांसाठी

"समुद्रावर जातोयस तर चार बांगडे आण की. रिकाम्या बाटल्या कशाला आणतोस?" आमच्या घरात हा प्रश्न गेली बारा वर्षं दर दोन महिन्यांनी विचारला जातो. बाटल्या आणतो हे खरं आहे. त्याशिवाय गारंबीच्या बिया, घासून गुळगुळीत झालेली काच, जाळ्याचे बोये, बुरशी आलेलं लाकूड आणि एकेक करून चक्क डाव्या पायाचे सात बूट आणले. सातवा बूट आणला तेव्हा बायकोनं पायखान्याच्या मागची फळी मला कायमची देऊन टाकली.

कोल्हापूरच्या माणसानं हा नाद करावा यात तसं नवल नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात रोमन बनावटीची ब्राँझची छोटी मूर्ती सापडली. मूर्ती पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथं उत्खननही केलं. जहाजातून अरबी समुद्र ओलांडून, कुठल्यातरी बंदरात उतरून, घाट चढून हा देव आपल्या गावात आला तो साधारण दोन हजार वर्षांपूर्वी. टाउन हॉलच्या संग्रहालयात एकदा जाऊन या. वस्तू मूठभर असते, तिच्यामागची वाट हजारो किलोमीटरची असते. किनाऱ्यावर आपल्याला तीच वाट शोधायची आहे. पिशवी भरायला जाणार असाल तर दुसऱ्याच दिवशी कंटाळाल, आणि कधीतरी अडचणीतही याल.

आधी पंचगंगेवर सराव

पहिल्या दिवशी मालवणला धावू नका. पूर ओसरल्यावर दोन-तीन दिवसांनी पंचगंगा घाटावर जा. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांची इशारा रेषा ओलांडून ४३ फुटांच्या धोका रेषेकडे चालली की आपण सगळे मोबाइलवर आकडे बघत बसतो. पाणी उतरताना मात्र कोणी बघत नाही. उतरताना ते थांबत थांबत उतरतं आणि जिथं थांबतं तिथं कचऱ्याची एक रेघ सोडून जातं. सगळ्यांत वरची रेघ पाणी सर्वांत जास्त होतं त्या दिवसाची, खालची त्यानंतरची. घाटाच्या पायऱ्यांवर अशा तीन-चार रेघा सहज मोजता येतात.

आता एकेका रेघेत काय आहे ते बघा. उसाचं पाचट शेतातून आलं, जलपर्णी कुठल्यातरी संथ पाण्यातून सुटून आली, चौकटीतले देवांचे फोटो शिवाजी पुलावरून कोणीतरी सोडले. वस्तू कुठून निघाली, किती दिवस पाण्यात होती, कुठं अडकली, हे तीन प्रश्न इथंच विचारायला शिका. एक तास पुरतो. पायात गमबूट आणि हातात रबरी मोजे हवेतच. पुराच्या चिखलात सांडपाणी असतं, आणि पायाला जखम असताना त्यात उतरलं तर लेप्टोस्पायरोसिस गाठतो.

जाता जाता एक गंमत. पंचगंगेत पडलेली चप्पल मालवणला कधीच सापडणार नाही. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. आपल्याच जिल्ह्यात गगनबावड्याच्या कड्यावरून पश्चिमेला ओघळलेलं पाणी मात्र काही तासांत कोकणात आणि तिथून अरबी समुद्रात पोहोचतं. एकाच ढगातले दोन थेंब कड्याच्या धारेवर पडले तर देशाच्या दोन टोकांना जातात.

दिवस कोणता धरायचा

नवख्यांची सगळ्यांत मोठी चूक इथं होते. रविवारी सुट्टी आहे म्हणून रविवारी निघतात, अकराला पोहोचतात, भरती पायऱ्यांपर्यंत आलेली असते, मग मासे खाऊन परत. कॅलेंडरमध्ये वार नंतर बघा, आधी तिथी बघा.

कोकणातला जुना हिशेब असा: तिथीला पाऊण पटीनं गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. त्याच्या सव्वासहा तास आधी आणि नंतर ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या आत-बाहेर. अष्टमीला आठ पाऊण सहा: सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या पाण्याला जास्त जुळतो. मालवण-देवगडकडे भरती थोडी आधी येते, म्हणून अर्धा-पाऊण तास अलीकडचा धरा. नेमकी वेळ मोबाइलवर भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते, पण हिशेब डोक्यात असला की घरी बसून महिन्याचं नियोजन होतं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, हे त्याच हिशेबातून निघतं.

आता नुसती ओहोटी पुरत नाही, ती खोल हवी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी वर जास्त चढतं आणि खाली जास्त उतरतं. अष्टमीच्या आगेमागे भांग, तेव्हा पाणी फारसं हलत नाही. मालवणकडे उधाणाला चढउतार दोन-अडीच मीटरचा, मुंबईत याच्या जवळपास दुप्पट. दोन्ही गोष्टी जुळवल्या की उत्तर एकच येतं: अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरची द्वितीया ते चतुर्थी. उधाण अजून जोरात असतं आणि ओहोटी सकाळी सात ते नऊच्या दरम्यान पडते, उन्हं चढायच्या आत. एकादशीला जाऊ नका, सकाळी सव्वाआठला भरती असते. घरीही उपास आणि किनाऱ्यावरही.

आता हंगाम. किनाऱ्यावर सर्वांत जास्त माल पावसाळ्यात लागतो, आणि तेव्हाच नवख्यानं जायचं नाही. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते ती काही उगाच नाही. जे तांडेल (होडीचे प्रमुख) आयुष्यभर दर्यात गेले ते घरात बसतात आणि आपण मोबाइल घेऊन लाटेपुढं उभे राहतो, हे काही शहाणपण नव्हे. अनंत चतुर्दशीपासून दिवाळीपर्यंतचा काळ धरा. पावसाळ्यानं पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळूची पट्टी, खरवडलेली असते, वाळू अजून परत भरलेली नसते, त्यामुळे एरवी हातभर खाली दबलेल्या वस्तू उघड्या पडतात. या दिवसांत विसर्जनाच्या मूर्तींचे अवशेष आणि निर्माल्यही दिसेल. त्याला पाय लागू देऊ नका, फोटो काढू नका.

किनारा कोणता

कोल्हापूरहून तीन वाटा सोयीच्या. आंबा घाटातून रत्नागिरी, साधारण १३० किलोमीटर. गगनबावडा आणि करूळ किंवा भुईबावडा घाटातून विजयदुर्ग. राधानगरी-फोंडा घाटातून कणकवली आणि तिथून देवगड किंवा मालवण, दीडशेच्या आसपास. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी मिळतात, पण सकाळी सातची ओहोटी गाठायची तर आदल्या दिवशी मुक्काम हवाच. करूळ घाटात दरड पडलेली नाही ना, हे निघण्यापूर्वी विचारा.

नकाशात तीन प्रकारच्या जागा शोधा: खाडीचं तोंड, डोंगराच्या नाकाडाला लागून असलेला पुळणीचा कोपरा, आणि पश्चिमेकडे तोंड असलेली लांब मोकळी पुळण. खाडीच्या तोंडाशी नदीचा आणि समुद्राचा माल एकत्र येतो, जसं कर्ली नदीच्या मुखाशी देवबागला किंवा काजळी नदीच्या मुखाशी भाट्याला. कोपऱ्यात तरंगता कचरा अडकतो. लांब पुळणीवर माल विरळ, पण दूरवरून आलेला असतो. तारकर्लीसारख्या पर्यटकांच्या पुळणी रोज सकाळी झाडल्या जातात, तिथं काही मिळणार नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला कुणकेश्वरच्या आसपासचा किनारा धरा. देवदर्शन झालं म्हणून घरचेही खूश.

सामान

फार काही लागत नाही. जाड तळव्याचे जुने बूट, जाड मोजे, चिमटा, दोन गोणपाटं (एक कचऱ्याला, एक आपल्याला), पाणी, टोपी, वही आणि पेन्सिल. पेन नको, ओल्या कागदावर चालत नाही. फोटोत मापासाठी शेजारी ठेवायला सहा इंची पट्टी. कोल्हापुरी पायताण घालून जाऊ नका. खारं पाणी लागलं की कातडं आधी मऊ पडतं आणि मग लाकडासारखं कडक होतं. मी एक जोड असाच घालवला.

उद्यमनगरात कोणाकडून तरी काठीला लोहचुंबक बसवून घेतलं तर वाळूतले गंजलेले खिळे, गळ आपल्या पायात घुसायच्या आधी काठीला चिकटतात. धातुशोधक यंत्र मात्र नेऊ नका. ते वाजलं की खणावंसं वाटतं, आणि खणायला लागलं की कायदा आडवा येतो. त्याबद्दल पुढं सांगतोच.

चालायचं कसं

ओहोटीच्या दोन तास आधी पोहोचा. उतरत्या पाण्यामागं चालत जायचं आणि पाणी फिरलं की परत वळायचं. खडकाच्या नाकाडाला वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर जाणार असाल तर पाणी फिरण्याच्या वेळेचा गजर लावून ठेवा. भरती मागून येते आणि वाट बंद करते. कडा चढून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, जाणं वाटतं तितकं सोपं नसतं.

जाताना वरची रेघ धरा, येताना खालची. वरची रेघ केवड्याच्या किंवा सुरूच्या झाडांपाशी असते. ती पावसाळ्यातल्या उधाणाची, महिनोन्‌महिने तशीच पडून राहते. जड लाकूड, ड्रम, बोये तिथं. खालची ओली रेघ काल रात्रीच्या भरतीची. शिंपले, समुद्रफेस, ताजं शेवाळ तिथं. सूर्य पाठीशी ठेवून चाललं की काच चमकते, सूर्यासमोर चाललं की उंचवट्यांच्या सावल्या दिसतात. मी दोन्ही करतो.

आचऱ्याजवळ एकदा रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्या एका काकांनी मला फुकट धडा दिला. मी एका मोठ्या ओंडक्याचा फोटो काढत होतो. ते म्हणाले, "रे, वरसून काय बघतंस? उलटो कर तो. खाली काय चिकटला हा ता बघ." उलटा केला तर खालची बाजू बार्नॅकलनं, म्हणजे चिकटून राहणाऱ्या कवचवाल्या समुद्रजीवांनी, गच्च भरलेली. तेव्हापासून वही उघडण्याआधी वस्तू उलटी करतो (आधी काठीनं, खाली समुद्रसाप असू शकतो).

वस्तू वाचायची कशी

खरा खेळ इथून सुरू होतो.

चिकटलेल्या जिवांपासून सुरुवात करा. लांब मऊ देठाला शिंपल्यासारखं टोक असलेले बार्नॅकल तरंगत्या वस्तूंवर, उघड्या समुद्रात वाढतात. ते दिसले म्हणजे वस्तू कित्येक आठवडे तरंगत आली. देठ नसलेले, ज्वालामुखीच्या तोंडासारखे टणक बार्नॅकल धक्क्यावर, खडकावर, होडीच्या तळाशीही असतात. त्यांच्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका. लाकडाला बोटाएवढी भोकं असतील आणि भोकांना आतून चुन्याचा पांढरा लेप असेल तर ते शिपवर्मचं काम. नाव किड्याचं असलं तरी हा शिंपल्यांचा भाऊबंद. लाकडी गलबतांना वादळाइतकंच यानंही बुडवलं. भोकांवरून एवढं नक्की कळतं की लाकूड बराच काळ खाऱ्या पाण्यात होतं.

मग आकडे आणि अक्षरं. बाटलीवरच्या बारकोडचे पहिले तीन आकडे बघा: ८९० म्हणजे भारतात नोंदणी, ८९६ पाकिस्तान, ६२६ इराण, ६२८ सौदी अरेबिया, ६२९ संयुक्त अरब अमिराती, ४७९ श्रीलंका. बाटली त्या देशातून वाहत आली असं मात्र यावरून सिद्ध होत नाही. जाणाऱ्या जहाजावरून कोणीतरी भिरकावलेली असणं जास्त शक्य. बाटलीवर देठाचे बार्नॅकल आहेत का, बुडाचा रंग उन्हानं उडालाय का, हे त्याला जोडून बघायचं. मासेमारी बोटीच्या फळीवर नोंदणी क्रमांक असतो. 'आयएनडी'नंतर 'एमएच' असेल तर आपली, 'जीए' गोव्याची, 'केए' कर्नाटकची, 'केएल' केरळची. बचावकडीवर जहाजाचं नाव आणि नोंदणीचं बंदर लिहिलेलं असतं. मालाच्या कंटेनरवर चार अक्षरं, त्यातलं शेवटचं बहुधा 'यू', आणि मग सात आकडे. अशा तुकड्याचा फोटो आधी, बाकी सगळं नंतर.

तिसरी गोष्ट प्रवाह. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उलटा, दक्षिणेकडून उत्तरेकडे. म्हणून सप्टेंबरात वरच्या रेघेत मुंबई-गुजरातकडचा माल जास्त आणि जानेवारीत गोवा-कर्नाटक-केरळकडचा, हे मी माझ्या वहीत वर्षानुवर्षं बघतो आहे. खूप लांबून आलेल्याचं उदाहरण म्हणजे ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला लागलेली 'लेडी हान' ही नौका. ती जूनमध्ये मस्कतजवळ समुद्रात सोडून द्यावी लागली होती. माणूस नसलेली नौका पावसाळी वाऱ्या-पाण्यावर दोन महिन्यांत ओमानकडून रायगडात आली. तिच्यात तीन एके-४७ रायफली निघाल्या आणि सगळं राज्य खडबडून जागं झालं, ते वेगळं.

बिया विसरू नका. तळहाताएवढ्या, चॉकलेटी, चपट्या, गुळगुळीत गारंबीच्या बिया घाटातल्या ओढ्यांतून समुद्रात जातात आणि किनाऱ्यावर परत येतात. आजीच्या बटव्यात ती असायची. दगडासारखी दिसणारी पण पाण्यात तरंगणारी वस्तू सापडली तर ती ज्वालामुखीतला सच्छिद्र दगड असू शकते. किंवा जळून वितळलेलं प्लॅस्टिक, जे हल्ली जास्त सापडतं. काळा, हलका, भोकाभोकांचा, पण पाण्यात बुडणारा खडा असेल तर तो आगबोटीच्या भट्टीतल्या जळक्या कोळशाचा असू शकतो.

फुटलेल्या जहाजांचे अवशेष

या नादाकडे सगळे याच आशेनं येतात. कोकण किनाऱ्याला बुडालेल्या जहाजांची कमी नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. विजयदुर्गच्या बंदरात १७५६ मध्ये इंग्रजांच्या हल्ल्यात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना सुंची खडकाजवळ जुन्या पोर्तुगीज काळातल्या जहाजाचे अवशेष मिळाले. त्यात हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, तोफा, चिनी भांड्यांचे तुकडे होते. गोव्यातच सेंट जॉर्ज खडकाजवळ बेसल मिशनची कौलं सापडली. म्हणजे आजोळच्या घरावर होती तसली मंगलोरी कौलं भरून निघालेलं जहाज. त्यामुळे किनाऱ्यावर कौलाचा तुकडा दिसला की मी थबकतो. बहुतेक वेळा तो पडक्या घराचा असतो.

नवख्याला ओळखता याव्यात अशा खुणा सांगतो. जुन्या नौकेच्या लाकडावर तासणीचे घाव असतात, करवतीच्या गोल खुणा नसतात. खिळ्याच्या भोकाभोवती हिरवट डाग असेल तर तांब्याचा खिळा, तांबूस-काळा असेल तर लोखंडी. निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या तुकड्याच्या कडा गोलसर झालेल्या असतील तर तो बराच घासला गेलाय. दगडी नांगर तर डोळ्यांसमोर असूनही लोक ओलांडून जातात. हातभर ते पुरुषभर लांब, चौकोनी, वर निमुळता होत गेलेला खांब. वरच्या टोकाला एक गोल भोक आणि खाली दोन चौकोनी भोकं, एकमेकांशी काटकोनात. सिंधुदुर्गाच्या पाण्यात असे नांगर मिळाले आहेत. घरासमोर कपडे धुवायला ठेवलेला दगड असाच निघू शकतो.

यांतलं काहीही दिसलं तर उचलायचं नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्यात येते. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर १८७८च्या निखात निधी कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये त्या काळचे, पण कायदा आजचाच. नव्या जहाजाचा तुकडा असला तरी तो 'कोणाचा नाही' असं होत नाही. बुडालेल्या जहाजांच्या मालासाठी सरकारनं नेमलेला अधिकारी असतो, आणि वाहून आलेला परदेशी माल १९६२च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम २१ नुसार आयात झालेल्या मालासारखाच धरला जातो. म्हणजे वाळूतून उचललेल्या पेटीवर तांत्रिकदृष्ट्या तुम्ही जकात देणं लागता! चार बाजूंनी फोटो, शेजारी पट्टी, मोबाइलवरून ठिकाणाची खूण, आणि सागरी पोलिसांना किंवा राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. वस्तू जिथल्या तिथं राहिली तरच तिच्या जागेवरून काही समजतं. खिशात घालून घरी आणलेल्या तुकड्याला आगापिछा उरत नाही.

रत्नागिरीच्या मिऱ्याला निसर्ग वादळात, ३ जून २०२० रोजी, 'बसरा स्टार' हे जहाज किनाऱ्याला लागलं आणि वर्षानुवर्षं लाटांचा मार खात पडून राहिलं. लोखंडाचं जहाज कसं मोडतं, आधी काय गंजतं, कोणता तुकडा कुठं पडतो, हे बघायला मी तिथं अनेकदा गेलो. लांबूनच बघायचं, गंजलेल्या पत्र्याखाली कोणी उभं राहू नये.

ज्याला हात लावायचा नाही

बंद ड्रम, सिलिंडर, डबे, धूर सोडणारी संकटनळकांडी: लांब राहा. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' जहाजाची टक्कर झाली तेव्हा समुद्रात पडलेल्या कंटेनरांत बिस्किटंही होती आणि कीटकनाशकही. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ बुडालेल्या 'एमएससी एल्सा ३' मध्ये काही कंटेनर कॅल्शियम कार्बाइडचे होते. त्याला पाणी लागलं की पेट घेणारा वायू सुटतो. त्याच जहाजातले साबुदाण्याएवढे प्लॅस्टिकचे दाणे केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर पसरले. असे पांढरे दाणे आपल्याकडे दिसले तर वहीत नोंदवा.

नीट बांधलेली पाकिटं सापडली तर फोडून बघण्याचा मोह आवरा. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोली तालुक्यात कर्दे, लाडघर, केळशीच्या किनाऱ्यांवर चरसाची पाकिटं वाहून आली होती. ११२ किंवा सागरी पोलिसांच्या १०९३ वर कळवा. समुद्रात माणूस किंवा बोट संकटात दिसली तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

आणि ती उलटी. व्हेल माशाच्या उलटीला कोटींचा भाव आहे हे प्रत्येकाला कुणीतरी सांगितलेलं असतं. ती बाळगणं आणि विकणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. कोल्हापूर-सिंधुदुर्गात ती विकायला निघालेले लोक पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. शिवाय किनाऱ्यावर सापडणारा मेणचट गोळा बहुतेक वेळा मेण, चरबी किंवा डांबर असतो. डांबराचे गोळे उन्हाळ्याअखेरीपासून लागतात. पायाला चिकटले तर खोबरेल तेल चोळा, साबणानं निघत नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये तर डांबर घेऊन निघालेलं 'पार्थ' हे टँकर जहाज रत्नागिरी-देवगडच्या समोर बुडालं. त्यातले १९ जण तटरक्षक दलानं वाचवले.

प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, काही मोठे शंख हेही कायद्यानं संरक्षित आहेत, मेलेले असले तरी. कासव दिसलं, जिवंत वा मेलेलं, तर वनविभागाला १९२६ वर कळवा. निळा, फुग्यासारखा, लांब धागे असलेला जीव वाळूत पडलेला असेल तर तो सुकलेला असला तरी डसतो. डसलाच तर समुद्राच्याच पाण्यानं धुवा, चोळू नका, आणि दवाखाना गाठा.

घरी आणल्यावर

आणायचं काय? काच, बिया, रिकामे सामान्य शिंपले, समुद्रफेस, जाळ्याचे बोये, शाबूत खुणा असलेल्या बाटल्या. शंख उचलताना आत डोकावा. माझ्या तिसऱ्या खेपेला शंखात खेकडा राहत होता हे मला गगनबावड्यात, वासावरून, कळलं. गाडीतले इतर तिघं माझ्याशी बिद्रीपर्यंत बोलले नाहीत. वाट चुकून आम्ही बिद्रीकडे गेलो तेही त्या वासामुळेच, असं चालक आजही सांगतो.

सगळं आधी साध्या पाण्यात भिजवा, दोन-तीन दिवस पाणी बदलत. लाकूड उन्हात वाळवलं की चिरतं. सावलीत, गोणपाटात गुंडाळून, महिनाभर हळूहळू वाळू द्या. लोखंडाचं सगळ्यांत अवघड. खारं पाणी आत मुरलेलं असतं, हवा लागली की मीठ फुलतं आणि थर सुटतात. एका मोडक्या मासेमारी होडीचा वीतभर खिळा मी आणला होता. कपाटात ठेवला, तर पावसाळा संपेपर्यंत त्याचा चमचाभर तांबडा भुगा झाला. दुसरा खिळा आणला तो बरणीत, पाण्यात, झाकण लावून ठेवला. पाणी दर रविवारी बदलतो.

वहीत प्रत्येक वस्तूला एक ओळ: तारीख, तिथी, किनारा, कोणती रेघ, चिकटलेलं काय, लिहिलेलं काय. मागच्या आश्विनातली माझी एक नोंद अशी आहे: 'तृतीया, कुणकेश्वरच्या दक्षिणेला, वरची रेघ. निळा प्लॅस्टिकचा बोया, फारसी-उर्दू वळणाची चार अक्षरं, दोन पुसलेली. देठाचे बार्नॅकल, लांबी नखाएवढी.' अक्षरं लावायला मी बोया घेऊन दोन ठिकाणी हिंडलो. एकानं माणसाचं नाव सांगितलं, दुसऱ्यानं गावाचं. बोया फळीवर आहे, सात बुटांच्या शेजारी.